कॅस्पेज रंगतंय, टनेल कोरं: वाढत्या हाडातली नेहमीची अडचण

तक्रार ठरलेली असते. उंदराच्या भ्रूणाच्या जबड्याचे सेक्शन कापले, सक्रिय कॅस्पेज-७ (पेशीच्या मृत्यूशी जोडलं जाणारं एन्झाइम) ओळखणारी अँटिबॉडी लावली, आणि नव्याने तयार होणाऱ्या हाडाच्या कडेला बसलेली ऑस्टिओब्लास्टची, म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशींची, अख्खी रांग तपकिरी झाली. शेजारच्या सेक्शनवर टनेल, म्हणजे मरणाऱ्या पेशीतल्या तुटलेल्या डीएनएला खूण लावणारी चाचणी, केली, तर तिथे जेमतेम दोन-चार ठिपके. नवी बॅच लावली, तरी तेच. मग लॅबमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो अँटिबॉडी वाट्टेल तिथे चिकटतेय, दुसरा म्हणतो टनेलचं किट मेलंय. विद्यार्थ्याचे महिने जातात, ऊतीचा ब्लॉक संपत येतो, आणि शेवटी ज्या स्लाइडचं चित्र गाइडच्या गृहीतकाला सोयीचं, ती थिसिसमध्ये जाते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वाढत्या हाडात ही विसंगती दिसली, तर पुष्कळदा दोन्ही स्लाइड खरं बोलत असतात. पण तसं म्हणायचा हक्क कमवावा लागतो. आधी रंग खरा आहे का, मग टनेल खरं आहे का, मग दोन्ही एकाच पेशीबद्दल बोलतायत का, आणि त्यानंतरच जीवशास्त्र. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात, म्हणून गुंता वाढतो.

विसंगती मुळात का वाटते

कॅस्पेज ही प्रथिनं तोडणारी एन्झाइम. प्रथिनाच्या साखळीत अ‍ॅस्पार्टिक आम्ल आलं की त्याच्या लगेच पुढे कात्री लावतात. पेशीच्या शिस्तबद्ध मृत्यूला अपोप्टोसिस हे नाव केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये दिलं. १९९३ मध्ये होर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की सी. एलिगन्स या सूक्ष्म जंतात पेशींना मारणारं सेड-३ हे जनुक सस्तन प्राण्यांतल्या एका एन्झाइमचं नातलग आहे. त्या एन्झाइमला आज आपण कॅस्पेज-१ म्हणतो. कॅस्पेज हे कुलनाम १९९६ मध्ये ठरलं, आणि २००२ चं नोबेल ब्रेनर, होर्विट्झ आणि सल्स्टन यांना मिळालं. या सगळ्या काळात डोक्यात एक समीकरण घट्ट बसलं: कॅस्पेज-३ किंवा ७ सक्रिय, म्हणजे पेशी मेली. किटच्या पत्रकांवर आजही तेच छापलेलं असतं.

हाडाने हे समीकरण फार लवकर मोडलं होतं, आपल्याकडे ते उशिरा पोचलं इतकंच. २००३ मध्ये जपानमधल्या मोगी आणि तोगारी यांनी दाखवलं की एमसी३टी३-ई१ या ऑस्टिओब्लास्टच्या पूर्वज पेशींना बीएमपी-४ हे हाड बनवायचा संदेश देणारं प्रथिन दिलं की कॅस्पेज थोड्या काळापुरती सक्रिय होतात, पेशी मरत नाहीत, आणि ती सक्रियता अडवली तर पेशींचं ऑस्टिओब्लास्टमध्ये रूपांतरच अडतं. पुढच्याच वर्षी मिउरा आणि सहकाऱ्यांनी कॅस्पेज-३ नसलेल्या उंदरांत हाड बनायला उशीर होतो आणि हाडांची खनिज घनता कमी राहते हे मांडलं. तिथे गडबड मज्जेतल्या स्ट्रोमल स्टेम पेशींत होती. टीजीएफ-बीटा आणि स्मॅड२ चा संदेश प्रमाणाबाहेर वाढला होता, पेशीची वाढ रोखणारी पी५३ आणि पी२१ ही प्रथिनं वाढली होती आणि पेशी अकाली म्हाताऱ्या होत होत्या. २००६ मध्ये ऑस्टिओक्लास्ट तयार व्हायलाही सक्रिय कॅस्पेज-३ लागतं असं दिसलं. म्हणजे हाड बांधणारे आणि हाड खाणारे, दोघेही हे एन्झाइम जिवंतपणी वापरतात.

वर सांगितलेल्या तक्रारीशी सगळ्यात जवळचं काम २०१४ चं आहे. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथल्या एव्हा मातालोव्हा यांच्या गटाने सक्रिय कॅस्पेज-७ दोन्ही प्रकारच्या हाडांत शोधलं: पडद्यासारख्या ऊतीतून थेट बनणारं जबड्याचं हाड, आणि आधी कूर्चेचा साचा होऊन मग बनणारं हातापायाचं लांब हाड. दोन्हीकडे ते हाड बनायच्या सुरुवातीपासून होतं आणि जन्मानंतरही राहिलं. आणि ते ज्या पेशींत होतं, त्यांतल्या कितीतरी पेशींत मरणाची चिन्हंच नव्हती. तुमच्या स्लाइडवरची तपकिरी रांग बघून लगेच किट फेकून देऊ नका, ते यासाठी.

पहिली शंका रंगावरच घ्या

हाड ही इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीसाठी, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिनं रंगवण्यासाठी, अत्यंत खोडसाळ ऊती आहे. यकृतावर किंवा मेंदूवर उत्तम चालणारा प्रोटोकॉल इथे सरळ लावला की फसगत होते, कारण रंग तयार करणारी एन्झाइम हाडात आधीपासूनच बसलेली असतात.

अल्कलाइन फॉस्फेटेज जोडलेली दुय्यम (प्राथमिक अँटिबॉडीला चिकटून रंग आणणारी) अँटिबॉडी वापरत असाल तर आत्ताच थांबा. ऑस्टिओब्लास्टची ओळखच मुळी अल्कलाइन फॉस्फेटेजवरून पटवतात, इतकं ते त्यांच्यात ठासून भरलेलं असतं. भ्रूणाचे डीकॅल्सिफाय न केलेले (कॅल्शियम न काढलेले) फ्रोझन सेक्शन असतील, तर प्राथमिक अँटिबॉडी न घालताही ऑस्टिओब्लास्टची रांग अगदी सुबक रंगते. पॅराफिन आणि लांबलेलं ईडीटीए (हाडातलं कॅल्शियम काढणारं द्रावण) यांनी ते एन्झाइम बरंच मंदावतं, म्हणून एकाच लॅबमध्ये एकाला दिसतं आणि दुसऱ्याला दिसत नाही. लेव्हामिसोल साधारण १ मिलिमोलर घातलं की हाडातलं फॉस्फेटेज दबतं. हो, तेच, गुरांना जंतांवर देतात ते लेव्हामिसोल. आतड्यातल्या फॉस्फेटेजवर मात्र त्याचा जोर चालत नाही, आणि दुय्यम अँटिबॉडीला जोडलेलं फॉस्फेटेज नेमकं तिथलंच असतं, म्हणून तुमचा खरा रंग शाबूत राहतो.

त्याऐवजी पेरॉक्सिडेज हे रंग आणणारं दुसरं एन्झाइम वापरलंत तर त्रास मज्जेकडून. मज्जेतल्या पांढऱ्या पेशींत स्वतःचं पेरॉक्सिडेज असतं आणि लाल पेशींतलं हिमोग्लोबिन तशीच नक्कल करतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते आधी मारावं लागतं. पण ३ टक्क्यांचं पाण्यातलं द्रावण ओतलंत की मज्जेवर फसफसून बुडबुडे येतात आणि सेक्शन काचेवरून उचकटतो. मेथॅनॉलमध्ये ०.३ टक्के करून अर्धा तास ठेवा, काम तेच होतं आणि सेक्शन जागेवर राहतो.

सेक्शन उचकटण्यावरून आठवलं. सायट्रेटमध्ये उकळून केलेलं अँटिजेन रिट्रीव्हल (लपलेलं प्रथिन अँटिबॉडीसाठी उघडं करणं) हाडाच्या सेक्शनला बहुतेकदा सोसत नाही. कूर्चा आणि हाड यांच्या सीमेवर घडी पडते, घडीत अँटिबॉडी अडकते आणि ती गडद रेघ म्हणजे सिग्नल समजून लोक फोटो काढतात. ६० अंशांवर रात्रभर सायट्रेटमध्ये ठेवलं तर इतका छळ होत नाही.

आता कंट्रोल. प्रत्येक फेरीत दोन स्लाइड राखून ठेवा. एकीवर प्राथमिक अँटिबॉडी नाही. दुसरीवर कोणतीच अँटिबॉडी नाही, फक्त शेवटचं रंगद्रव्य. दुसरी स्लाइड जवळपास कुणीच ठेवत नाही, आणि वर सांगितलेले दोन्ही घोटाळे सर्वांत स्पष्टपणे उघडे पडतात ते तिच्यावर.

पॉझिटिव्ह कंट्रोल बाहेरून आणायची गरज नाही. ब्लॉक कापताना प्रतल असं धरा की त्याच सेक्शनमध्ये खात्रीने मरणारी ऊती येईल. पायाचं हाड बघताय तर १३.५ ते १४.५ दिवसांच्या भ्रूणाच्या पंज्यात बोटांमधली त्वचाजाळी विरघळत असते. तिथे अपोप्टोसिस ढिगाने सापडतो. जबडा बघताय तर पहिल्या दाढेच्या अंकुरात, साधारण १४.५ व्या दिवशी, प्राथमिक इनॅमल नॉट नावाचा छोटा पेशीपुंज मरणाच्या वाटेवर असतो. त्याच काचेवर, त्याच द्रावणात, त्याच मिनिटाला दाढेतला पुंज कॅस्पेज आणि टनेल दोन्हींना होकार देतोय आणि शेजारचा ऑस्टिओब्लास्ट फक्त कॅस्पेजला होकार देतोय, हे दाखवता आलं की परीक्षकाचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. या विषयात मला एकच सल्ला द्यायला सांगितला तर मी हाच देईन.

निगेटिव्ह कंट्रोलचा राजा म्हणजे ते जनुकच नसलेल्या उंदराची ऊती. कॅस्पेज-७ नसलेले उंदीर जगतात, वाढतात. कॅस्पेज-३ नसलेल्यांचं नशीब वंशावर ठरतं: १२९ वंशात मेंदूच्या बिघाडाने ते लहानपणीच दगावतात, सी५७ब्लॅक६ वर ठेवले तर मोठे होतात. आपल्याकडे अशी वसाहत उभी करायची म्हणजे आयात, क्वारंटाइन, नैतिक समिती, आणि वर्ष कुठे गेलं कळत नाही. त्यापेक्षा ज्यांच्याकडे हे उंदीर आहेत त्यांना पत्र लिहून पॅराफिनमधले चार सेक्शन मागवा.

मग टनेलची झाडाझडती

टनेल डीएनएच्या तुटलेल्या टोकांना खूण लावतं. ती टोकं कुणी तोडली हे त्याला कळत नाही. पेशीने स्वतः तोडली, आम्लाने तोडली, की तुमच्या प्रोटिनेज-के (ऊतीतली प्रथिनं पचवून वाट मोकळी करणारं एन्झाइम) ने वाट लावली, खूण सारखीच.

हाडाच्या सेक्शनवर टनेल बिघडायची मुख्य जागा म्हणजे डीकॅल्सिफिकेशन. फॉर्मिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाने दोन दिवसांत हाड मऊ होतं, पण डीएनएही खंगतो. मग कधी सगळीच केंद्रकं उजळतात, कधी एकही नाही. ईडीटीए, ७.२ ते ७.४ पीएच, दोन-तीन दिवसांनी द्रावण बदलत राहायचं. प्रौढ उंदराच्या मांडीच्या हाडाला दोन ते तीन आठवडे लागतात. कंटाळवाणं आहे, पर्याय नाही. कोवळ्या भ्रूणाला मात्र डीकॅल्सिफिकेशनची मुळात गरज नसते, तरी प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय म्हणून लोक ते करत बसतात.

ईडीटीएचा स्वतःचा एक उपद्रव आहे. टनेलमधलं खूण लावणारं टीडीटी एन्झाइम धातूच्या आयनांवर चालतं आणि ईडीटीएचं कामच मुळी ते आयन गिळायचं. ऊती नीट धुतली नाही तर टीडीटी उपाशी मरतं आणि स्लाइड कोरी येते. दोन-चार ठिपक्यांची तक्रार घेऊन कुणी आलं की पहिला प्रश्न हाच विचारावा: ईडीटीएनंतर किती धुतलंस? वाहत्या पाण्यात रात्रभर, हे उत्तर मला आवडतं. पीबीएसमध्ये पाच मिनिटं, हे नाही.

प्रोटिनेज-के कमी पडलं तर एन्झाइम केंद्रकापर्यंत पोचत नाही, जास्त झालं तर खोटे ठिपके. मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम, १० ते १५ मिनिटं, हा प्रोटोकॉलचा आकडा २०-२२ अंशांच्या खोलीसाठी आहे. मे महिन्यात वीज गेलेल्या आपल्या लॅबमध्ये रूम टेंपरेचर म्हणजे ३५ सुद्धा असतं आणि त्या तापमानाला हे एन्झाइम भलतंच जोरात चालतं. बेंचवर थर्मामीटर ठेवा, किंवा पायरी इन्क्युबेटरमध्येच करा. हिवाळ्यात जुळलेला प्रोटोकॉल उन्हाळ्यात का फसला, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. डॅबच्या (पेरॉक्सिडेजने तयार होणाऱ्या) तपकिरी रंगालाही हेच लागू.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून एका स्लाइडवरचा डीएनए डीएनेज-१ या एन्झाइमने तोडून घ्या. तिथे सगळी केंद्रकं उजळायला हवीत. नाही उजळली तर अभिक्रियाच चालत नाही, पुढे बोलण्यात अर्थ नाही. ती स्लाइड वेगळ्या जारमध्ये धुवा. डीएनेजचा एखादा थेंब बाकीच्या स्लाइडना लागला तर त्यांवरही उत्सव सुरू होतो. टीडीटी न घातलेली स्लाइड निगेटिव्ह म्हणून हवीच.

दोन्ही ठीक निघाले, तरी पटत नाही

इथे खरी गंमत सुरू होते, आणि इथेच घाईने निष्कर्ष काढले जातात. दोन उलट दिशांचे सापळे आहेत.

पहिला: टनेलचे ठिपके कमी म्हणजे मृत्यू कमी, असं नसतं. मरणारी पेशी काही तासांत आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. सेक्शन म्हणजे एका क्षणाचा फोटो. त्या क्षणी जेवढ्या पेशी मधल्या टप्प्यात सापडल्या तेवढ्याच दिसणार. प्रौढ हाडात अर्ध्याहून जास्त ऑस्टिओब्लास्ट शेवटी अपोप्टोसिसने जातात असा अंदाज आहे, तरीही कुठल्याही एका सेक्शनवर टनेल पॉझिटिव्ह ऑस्टिओब्लास्ट शोधावेच लागतात.

दुसरा: कॅस्पेज आधी सक्रिय होतं आणि डीएनए नंतर तुटतो. तेव्हा कुणी म्हणेल की ती तपकिरी रांग मरायच्या वाटेवरच आहे, टनेलला अजून वेळ आहे. हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचा हिशेब करता येतो. सगळी रांग जर मरायला निघाली असेल आणि मरण काही तासांत आटोपत असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या भ्रूणात त्या जागी हाड पुढे सरकायला नको. प्रत्यक्षात चौदाव्या, सोळाव्या, अठराव्या दिवशी आणि जन्मानंतरही रांग तशीच रंगलेली असते आणि हाड रोज जाड होत असतं. म्हणून एका दिवसाचे दहा सेक्शन करण्यापेक्षा पाच दिवसांचे दोन-दोन करा. वेळेची मालिका हा इथे सर्वांत स्वस्त पुरावा आहे.

शेजारच्या सेक्शनवर विसंबू नका. पाच मायक्रॉन पुढे गेलात की पेशी बदललेली असते. एकाच सेक्शनवर दोन रंगांत कॅस्पेज आणि टनेल करा आणि सोबत डॅपी हा केंद्रकं दाखवणारा रंग. मग ४० च्या किंवा ६३ च्या लेन्सखाली त्या पेशीकडे शांतपणे बघा. केंद्रक मोठं, फिकट, आत न्यूक्लिओलस ठळक, पेशीचा देह चौकोनी आणि हाडाला टेकलेला: ही कामात गढलेली पेशी आहे, कॅस्पेज रंगलं असलं तरी. केंद्रक आवळलेलं, काळंकुट्ट, दोन-तीन गोळ्यांत फुटलेलं, भोवती रिकामी कड: ही गेली. इतकं साधं निरीक्षण अर्ध्या थिसिसमध्ये नसतं, कारण फोटो दहाच्या लेन्सचा असतो.

तीन की सात

कॅस्पेज-३ आणि ७ जवळची भावंडं आहेत आणि दोघांनाही डीईव्हीडी हा चार अमिनो आम्लांचा क्रम आवडतो. त्यामुळे डीईव्हीडीवर चालणारं कोणतंही चमकणारं किंवा रंगणारं किट दोघांची बेरीज सांगतं. पेपरमध्ये कॅस्पेज-३ ची सक्रियता असं लिहून खाली असल्या किटचा आलेख लावलेला दिसला की माझा विश्वास थोडा उडतो.

वेगळं करायचं तर वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत. कॅस्पेज-३ चा न तुटलेला पट्टा ३२ ते ३५ किलोडाल्टनवर, तुटलेला १७ आणि १९ वर. कॅस्पेज-७ चा ३५ आणि तुटलेला २० वर. १९ आणि २० मधला फरक १० टक्क्यांच्या जेलवर कळणार नाही. १५ टक्के जेल आणि ०.२ मायक्रॉनचा मेंब्रेन घ्या, ०.४५ मधून असे छोटे तुकडे आरपार निघून जातात आणि तुम्ही म्हणता सिग्नलच नाही. अँटिबॉडी दुसऱ्या भावाला चिकटत नाही ना, हे तपासायला एमसीएफ-७ पेशी फार उपयोगी. स्तनाच्या कर्करोगाच्या या पेशींच्या कॅस्पेज-३ जनुकाचा एक तुकडा गळालेला असल्याने त्या ते प्रथिन बनवतच नाहीत, कॅस्पेज-७ मात्र बनवतात. स्टॉरोस्पोरिन (पेशींना अपोप्टोसिसकडे ढकलणारं रसायन) १ मायक्रोमोलर, काही तास, मग पेशी फोडून लायसेट. कॅस्पेज-३ ची अँटिबॉडी त्यावर पट्टा दाखवत असेल तर ती ३ ची नाही.

सोबत पार्प हे कॅस्पेज तोडतात ते प्रथिन बघा, ११६ किलोडाल्टनचा पट्टा ८९ चा होतो. पण तो दोघंही तोडतात, तेव्हा त्यावरून कोण हे ठरत नाही.

डिशमध्ये इनहिबिटर घातला आणि खनिज कमी झालं

ही दुसरी नेहमीची तक्रार. एमसी३टी३-ई१ पेशींना अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट देऊन तीन आठवडे वाढवलं, झेड-व्हॅड-एफएमके हा कॅस्पेज अडवणारा इनहिबिटर घातला, आणि खनिज दाखवणाऱ्या अ‍ॅलिझरिन रेडचा लाल रंग निम्म्यावर आला. निष्कर्ष लिहिला जातो: हाडात खनिज बसायला अपोप्टोसिस लागतो.

थांबा. इनहिबिटर कोणत्या दिवशी घातला? सुरुवातीच्या दिवसांत कॅस्पेजचा जो झटका येतो तो रूपांतरासाठीचा असतो. तिसऱ्या आठवड्यात खनिजाच्या गाठींच्या मध्यभागी खरोखरच पेशी मरतात. तीन आठवडे सलग इनहिबिटर ठेवलात तर दोन्ही गोष्टी एकत्र अडवल्या, आणि कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही. पहिले तीन दिवस एका प्लेटला, शेवटचा आठवडा दुसऱ्या प्लेटला, अशी विभागणी करा. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर हा आकडाही डोळे मिटून वापरू नका. त्यातून सुटणारा फॉस्फेट जास्त झाला तर ऑस्टिओब्लास्टना मारतो आणि कोलॅजनशी संबंध नसलेलं खनिज नुसतंच साचतं, तेही अ‍ॅलिझरिनने लालच दिसतं. प्रत्येक विहिरीतला डीएनए मोजा आणि त्याने भागा. पेशीच कमी असतील तर खनिज कमी असणारच, त्यात शोध काय?

आता इनहिबिटर. झेड-व्हॅड-एफएमके फक्त कॅस्पेज अडवतं हा समज आहे. ते कॅल्पेन आणि कॅथेप्सिन ही प्रथिनं तोडणारी दुसरी एन्झाइमही अडवतं, विशेषतः मात्रा वाढवली की. ऑस्टिओक्लास्टच्या प्रयोगात हे घातक आहे, कारण हाडाचं कोलॅजन खाण्याचं त्यांचं मुख्य हत्यार कॅथेप्सिन-के, आणि तेही सिस्टिन प्रोटिएजच. हाडात खड्डे कमी पडले म्हणजे कॅस्पेज लागतं, असं लगेच म्हणता येत नाही. क्यू-व्हीडी-ओपीएच हा दुसरा कॅस्पेज इनहिबिटर जास्त नेमका आहे आणि पेशींना कमी त्रासदायक, महाग असलं तरी तेच घ्या. आणि एक खुबी: झेड-एफए-एफएमके हे कॅस्पेज इनहिबिटरचं निगेटिव्ह कंट्रोल म्हणून विकतात, पण ते स्वतः कॅथेप्सिन अडवतं. निगेटिव्ह कंट्रोल म्हणून ते हाडात कुचकामी; उलट ते मुद्दाम वेगळ्या गटाला द्या. झेड-व्हॅड आणि झेड-एफए दोघांनी सारखाच परिणाम दिला तर संशय कॅथेप्सिनवर घ्यायचा. फ्लिका नावाने मिळणाऱ्या चमकत्या खुणाही याच एफएमके घराण्यातल्या, तेव्हा त्यांच्या चित्रांनाही हाच संशय लागू.

मिउरा यांच्याच कामात अंडाशय काढलेल्या उंदरिणींना कॅस्पेज-३ चा इनहिबिटर दिल्यावर हाडं जास्त वेगाने झिजली होती. एमरिकासान नावाच्या कॅस्पेज इनहिबिटरच्या यकृताच्या रोगांत मानवी चाचण्या झालेल्या आहेत. अशी औषधं दीर्घकाळ द्यायची वेळ आली तर हाडांकडे कुणीतरी बघत असलं पाहिजे, एवढंच नोंदवून पुढे जातो.

उलटी तक्रार: वाढपट्टीत टनेल भरभरून, कॅस्पेज नाही

लांब हाडाच्या टोकाला वाढपट्टी असते. तिच्या खालच्या भागातल्या फुगलेल्या कूर्चापेशी सगळ्या मरतात आणि त्यांच्या जागी हाड येतं, असं पाठ्यपुस्तकात वर्षानुवर्षं होतं. त्यामुळे तिथे टनेल उजळलं की कुणालाच शंका येत नाही. शंका घ्या. या पेशी स्थिरीकरणात सहज आक्रसतात, फिक्सेटिव्ह आत पोचायला वेळ लागला तर सडायला लागतात, आणि प्रोटिनेज-के ला त्यांच्या भोवतालचं मॅट्रिक्स झटकन शरण जातं. अख्खा फुगलेला पट्टा उजळत असेल तर तो बहुधा घोटाळा. रक्तवाहिन्या जिथे शिरतात त्या शेवटच्या ओळीत तुरळक उजळत असेल तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

शिवाय २०१४ मध्ये वंशमागोवा घेणाऱ्या कामांनी पाठ्यपुस्तकालाच धक्का दिला. हाँगकाँगमधल्या कॅथरिन चिआ यांच्या गटाने फुगलेल्या कूर्चापेशींना जनुकीय खूण लावली आणि त्या खुणेच्या पेशी पुढे ऑस्टिओब्लास्ट आणि ऑस्टिओसाइट म्हणून सापडल्या. सगळ्या मरत नाहीत; काही पेशा बदलतात. या भागात कॅस्पेज पॉझिटिव्ह पण धडधाकट पेशी दिसल्या तर दचकू नका.

नॉकआउटमध्ये (जनुक काढलेल्या उंदरांत) काहीच फरक नाही म्हणता?

कुठलं हाड मोजलंत? ब्रनोच्या त्या कामात कॅस्पेज-७ नसलेल्या प्रौढ उंदरांच्या जबड्यात हाडाचं आकारमान घटलं होतं, खनिज घनता जशीच्या तशी होती. लांब हाडात बरोबर उलट: आकारमान तेवढंच, घनता कमी. मायक्रोसीटीवर (हाडाचं सूक्ष्म त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) फक्त मांडीच्या हाडाचं आकारमान मोजलंत तर कॅस्पेज-७ चा हाडाशी संबंध नाही असा निकाल लागेल, आणि तो साफ चुकीचा असेल. दोन्ही प्रकारची हाडं घ्या, आकारमान आणि घनता दोन्ही मोजा, घनतेसाठी हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा फँटम (ठाऊक घनतेचा तुलनेचा नमुना) प्रत्येक सत्रात लावा, आणि नर-मादी मिसळू नका. त्याच गटाला भ्रूणाच्या जबड्यात एमएसएक्स१ आणि स्मॅड१ या जनुकांचं एमआरएनए घटलेलं आढळलं होतं, तेव्हा क्यूपीसीआरची (एमआरएनए मोजायच्या चाचणीची) सुरुवात तिथून करता येईल.

३ आणि ७ एकमेकांची कामं बऱ्याच अंशी सांभाळून घेतात, त्यामुळे एकच काढलं तर परिणाम पुसट येतो. दोन्ही काढून बघू म्हटलं तर ती पिल्लं जन्मल्यावर लगेच हृदयाच्या दोषांनी दगावतात, हे २००६ पासून माहीत आहे. प्रौढ हाड बघायचं तर ऑस्टिओब्लास्टपुरतं जनुक काढणारे क्री उंदीरच लागतील.

लिहिताना

निकाल लिहायची वेळ आली की 'अपोप्टोटिक पेशी' हा शब्द हातातून सहज निघतो. कॅस्पेजची अँटिबॉडी लावून मोजल्या असतील तर 'सक्रिय कॅस्पेज-७ असलेल्या पेशी' असंच लिहा, आणि केंद्रकाचा आकार व टनेल जुळलेल्यांची संख्या वेगळ्या रकान्यात द्या. पद्धतीच्या भागात डीकॅल्सिफायरचं नाव, पीएच, दिवस, प्रोटिनेज-के ची मात्रा आणि त्या वेळचं तापमान लिहा. परीक्षक अँटिबॉडीवर शंका घेतील तेव्हा दाढेच्या इनॅमल नॉटचा आणि शेजारच्या हाडाचा एकाच चौकटीतला फोटो पुढे करा. तो नसेल, आणि ब्लॉकमध्ये दाढ अजून शिल्लक असेल, तर उद्याच मायक्रोटोमवर बसा.